पंगत घालण्याचे काम

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून संत तुकाराम महाराजांची पालखी दर वर्षी आषाढी एकादशीच्या आधी जवळपास आठवडाभर चालत असते. उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी हे तिचे इथले मुक्काम. या दिवसांत वाटेवरची गावे वारकऱ्यांना जेवू घालतात त्याला अन्नदान म्हणतात. त्यासाठी लागणारा बहुतेक पैसा, धान्य आणि मनुष्यबळ खासगी असते: कुणाच्या उसाच्या बिलातले, कुणाच्या दुकानाच्या गल्ल्यातले, कुणाच्या कणगीतले. आपल्या मिळकतीतला घास दुसऱ्याला देऊन माणसाला नेमके काय मिळते, हे पाहायला या पट्ट्याइतकी सोयीची जागा सापडणे कठीण. इथे देणारा, घेणारा आणि दिलेली वस्तू हे तिन्ही एकाच मांडवात दिसतात.

या सोहळ्याची सुरुवात तुकोबांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये केली. ज्यांच्या पादुका पालखीत असतात त्या तुकोबांच्या घरी वाणीपणा होता, महाजनकी होती, सावकारीही होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने घर मोडल्यावर त्यांनी भाऊ कान्होबाच्या वाट्याची कर्जखते त्याला काढून दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. भावाचा वाटा राखून मगच आपला सोडला, हा त्यातला बारकावा सहसा कुणी सांगत नाही. वास्तविक घरच्यांच्या हक्काला हात न लावता दान कसे करावे, याचा तो पहिला पाठ आहे. कीर्तनात ही गोष्ट हमखास निघते. श्रोत्यांत व्याजबट्टा करणारेही असतात. तेही मान डोलावतात.

या भागातली संपत्ती सारखी पसरलेली नाही. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात झाला आणि त्याच्या पाण्याखालचा पट्टा बागायती झाला. ऊस आला, १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात शेठ वालचंद हिराचंद यांच्या वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला, आणि स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती असे सहकारी कारखाने निघाले. कालव्याच्या वरच्या अंगाला मात्र सुपे, मोरगाव, उंडवडीचा भाग जिरायतीच राहिला. तिथे पाऊस मुळातच कमी, आणि उन्हाळ्यात टँकर ही नेहमीची गोष्ट. पालखी पाटसकडून येते ती आधी या जिरायती भागातून आणि मग बागायतीत उतरते. वाटेत देण्याचे रूप बदलते, पण प्रमाण जमिनीच्या भावाप्रमाणे वाढत जात नाही. उंडवडीच्या बाजूला भाकरी, पिठले, ठेचा, कांदा. बारामतीपासून पुढे पुरी-भाजी, बुंदी, मसालेभात, केळी. पहिल्या जेवणाला पैसा कमी लागतो आणि हात जास्त लागतात. जुन्या वारकऱ्यांना विचारले तर बहुतेकांच्या जिभेवर पहिलेच जेवण असते.

भाकरी का, याचेही उत्तर शेतीतच आहे. पालखी येते ती ज्येष्ठ-आषाढात. बियाणे, खते, पेरणी यांत शेतकऱ्याचा हात त्या वेळी मोकळा झालेला असतो, म्हणजे रिकामा झालेला असतो. गाळप हंगाम संपून महिने लोटलेले, अंतिम दराचे पैसे दिवाळीकडे. घरात असते ती रब्बीची ज्वारी. त्यामुळे रोख वर्गणीपेक्षा धान्य देणे सोपे जाते, आणि धान्यापेक्षा रांधून देणे मोलाचे मानले जाते.

गावची पंगत उभी राहते ती महिनाभर आधीच्या बैठकीत. देवळात किंवा पारावर ही बैठक बसते. कोणत्या दिंड्या कुठे उतरणार, कुणाची सकाळची न्याहारी, कुणाचे दुपारचे जेवण, हे बहुधा पिढ्यांपासून ठरलेले असते. दिंडीच्या चोपडीत अमुक मुक्कामाची पंगत अमुक घराची अशी नोंद असते आणि आजोबांच्या नावाची पंगत नातू चालवतो. पालखीबरोबर शेकडो नोंदणीकृत दिंड्या असतात, त्यामुळे नव्याने पंगत घालू इच्छिणाऱ्याला जागा मिळेलच असे नाही. पैसा घेऊन माणूस उभा असतो आणि त्याला थांबावे लागते. नव्या पैशाला हा अनुभव बराच शहाणपणा देऊन जातो.

दिंडीत चालणारा वारकरी फुकटा नसतो, हे इथे सांगायला हवे. तो दिंडीत भिशी भरतो. तंबू, सामानाचा ट्रक, स्वयंपाकी यांचा खर्च त्यातून चालतो. वाटेत कुणी पंगत घातली नाही तरी तो उपाशी राहणार नाही. म्हणून वाढणाऱ्याच्या मनात कीव नसते आणि जेवणाऱ्याच्या मनात मिंधेपणा नसतो. वाढणारा त्याला ‘माउली’ म्हणतो, तोही वाढणाऱ्याला ‘माउली’च म्हणतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात. देणारा वर आणि घेणारा खाली ही रचना या एका रिवाजाने मोडते. दानधर्माच्या इतर प्रकारांत ही सोय क्वचितच असते.

प्रत्यक्ष काम पहाटे, खरे तर आदल्या रात्रीच, सुरू होते. भाकरीची पंगत असेल तर घरटी भाकरी ठरवून दिल्या जातात. किलोभर पिठात साधारण आठ-दहा भाकरी होतात. परातीवर दोन-तीन तास थापल्यावर मनगट आणि खांदा भरून येतो. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत धूर आणि पाठीत कळ. जावा-जावा, नणंदा-भावजया, शेजारणी एकमेकींना थापायला आणि भाजायला सोडवत राहतात. शेकलेली भाकरी तव्यावरून थेट टोपल्यात टाकली की घाम धरते आणि चिवट होते. म्हणून ती आधी धोतराच्या किंवा लुगड्याच्या फडक्यावर एकेक पसरून वाफ जाऊ द्यायची, मगच चळत लावायची. हे न शिकवता नव्या सुनेला कळत नाही, आणि पहिल्या वर्षी तिच्या भाकरी चळतीच्या तळाला जातात. उजाडताना टेम्पो दारोदार फिरतो. कुणाच्या घरून किती आल्या याची मोजदाद करणारा माणूस असतो, पण कमी आल्या म्हणून कुणी बोलून दाखवत नाही. मोठ्या घरून कमी आल्या तर मात्र गावभर होते.

आमटी आणि भात आचाऱ्याकडे. चुलवणावर मोठी कढई चढते, लाकडे ओली निघाली तर सगळे वेळापत्रक कोलमडते. पाऊस हा दुसरा शत्रू. मांडवाचे कापड पाण्याने भरून खाली आले की बांबूने वर ढकलून पाणी काढत राहायचे, आणि खाली पंगत चालूच. वाढप्यांची फळी तरुण पोरांची. मीठ, लिंबू, चटणी, भाजी, भाकरी, भात, आमटी असा क्रम, आणि मागून पाण्याचा जग. आमटीची बादली घेऊन पंगतीतून चालणे हे खरे कसब. वाकून वाढायचे, पळी काठाला लावायची, पुढच्याच्या अंगावर शिंतोडा उडू द्यायचा नाही. पहिल्या पंगतीला पोरे उत्साहात ओसंडून वाढतात, तिसऱ्या पंगतीला जाणत्याने ‘हात आवर’ म्हणेपर्यंत पातेले तळाला गेलेले असते. भूक किती याचा अंदाज आचाऱ्याला जेवढा असतो तेवढा दात्याला नसतो. म्हणून चांगला दाता आचाऱ्याच्या कामात बोलत नाही.

या कामातून मिळणाऱ्या समाधानाबद्दल काम करणारे जे सांगतात त्यात एक सूत्र दिसते. पैसे देऊन बाजूला झालेल्या माणसाला वर्गणीचा आकडा लक्षात राहतो. ज्याने वाढले, भांडी घासली, पत्रावळी उचलल्या त्याला माणसे लक्षात राहतात: दर वर्षी त्याच जागी बसणारी मराठवाड्यातली म्हातारी, ती यंदा आली नाही म्हणून तिच्या दिंडीत केलेली चौकशी. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली, पगाराने भक्कम झालेली मुले या दिवसासाठी रजा काढून येतात. घरी पैसे पाठवून त्यांचे भागले असते, पण भागत नाही.

मानसशास्त्रातही याला दुजोरा सापडतो. एलिझाबेथ डन, लारा अकनिन आणि मायकल नॉर्टन यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. कॅनडात लोकांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर दिले. काहींना ते स्वतःवर खर्च करायला सांगितले आणि काहींना दुसऱ्यासाठी. दुसऱ्यासाठी खर्च करणारे संध्याकाळी अधिक आनंदी आढळले, आणि रक्कम पाच होती की वीस याने फरक पडला नाही. पुढे १३६ देशांच्या माहितीवरही असाच संबंध दिसला. उंडवडीची भाकरी आणि बारामतीची बुंदी यांत समाधानाचा फरक का नसतो, याचे हे एक उत्तर मानता येईल. प्रयोगशाळेत न येणारी गोष्ट म्हणजे हातांचा सहभाग. पाच डॉलर खर्चायला कुणी पहाटे तीनला उठत नाही.

देण्याचा एक प्रकार तर असा, की त्यात धनाचा प्रश्नच येत नाही. काटेवाडीत परीट समाजाची मंडळी पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि त्यावरून पालखी गावात येते. याच गावात मेंढ्यांचे रिंगण होते. मेंढपाळ आपला कळप पालखीभोवती फिरवतात. ज्याच्याकडे जे आहे, किंवा ज्याचा जो व्यवसाय, तेच तो पुढे करतो. हाच प्रकार मुक्कामाच्या गावी छोट्या रूपात चालतो: न्हावी फुकट दाढी करतो, चांभार वहाणा शिवून देतो, डॉक्टर पायाचे फोड बघतो, कुणी तेलाची बाटली घेऊन पाय चोळत बसतो. पानमळ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या निमगाव केतकीत जेवणानंतर पानाची आठवण कुणाला करून द्यावी लागत नाही.

या परिसरातले सगळे दान पंगतीत संपलेले नाही. अठराव्या शतकात बारामतीचे सावकार बाबुजी नाईक जोशी हे पेशव्यांचे सोयरे आणि पैशाच्या बळावर पेशवाईच्या राजकारणात उतरलेले गृहस्थ. त्यांचे राजकारण फारसे फळाला आले नाही. पण पन्हाळ्याकडून आलेल्या मोरोपंतांना त्यांनी पुराणिक म्हणून आश्रय दिला, आणि १७९४ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, मोरोपंत बारामतीतच लिहीत राहिले. आर्याभारत आणि केकावलीमुळे नाईकांचे नाव आज मराठीच्या पुस्तकांत येते. सावकारीतल्या उलाढालींमुळे ते फक्त इतिहासाच्या तळटिपांत येते. पैसा कुठे घातला तर नाव कुठे उरते, याचा हिशेब त्या काळच्या सावकाराने केला असेल असे वाटत नाही.

१९६२ मध्ये सुरू झालेले तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय हे व्यापारी संपत्तीचे देणे. शहरातल्या जैन समाजाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचे हे कॉलेज. तोवर दहावी-अकरावीपुढे शिकायचे तर पुणे किंवा सोलापूर गाठावे लागे, आणि ते मुलींना जवळपास अशक्यच होते. दात्याचे नाव इमारतीवर आहे, पण ‘टीसी कॉलेज’ म्हणणाऱ्या पोरांना टी म्हणजे कोण आणि सी म्हणजे कोण हे बहुधा ठाऊक नसते. दान पूर्ण पचल्याचे हे लक्षण समजायला हरकत नाही.

जिरायती भागात मदतीचे रूप आणखी वेगळे झाले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दुष्काळी गावांत पाझर तलावांची कामे निघाली तेव्हा परदेशातून ख्रिस्ती सेवासंस्थांमार्फत आलेला गहू आणि खाद्यतेल मजुरीच्या रूपाने दिले गेले. लोकांनी आपल्याच शिवारात खोदले आणि दिवसाकाठी धान्य घरी नेले. या अनुभवातून १९७१ मध्ये अप्पासाहेब पवारांच्या नेतृत्वाखाली कृषी विकास प्रतिष्ठान उभे राहिले. हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसाने दिलेले धान्य आणि इथल्या माणसाचे घमेले यांचा तो संयोग होता. तयार तलाव कुणी बांधून दिला असता तर त्याच्या भरावावरची बाभूळ काढायला पुढे कुणी आले असते का, हा प्रश्न जुनी माणसे आजही विचारतात.

याच्या उलट टोकाला कपात आहे. सहकारी साखर कारखान्यांत शिक्षण आणि इतर निधींसाठी उसाच्या बिलातून प्रतिटन काही रक्कम कापण्याची पद्धत राज्यभर रूढ आहे. तिच्यातून शाळा, वसतिगृहे, कॉलेजे झाली, आणि एकूण रकमेच्या मानाने कुठलीही पंगत तिच्या पासंगालाही पुरणार नाही. पण बिलाच्या कागदावर ती ओळ वाचणाऱ्या शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसत नाही. दिसतो तो हिशेब. तीच व्यक्ती पुढे पंगतीसाठी ज्वारीचे पोते खांद्यावरून उतरवताना वेगळी दिसते. कपात समाजाच्या फायद्याची आणि दान माणसाच्या फायद्याचे, असे म्हटले तर कारखान्याच्या वार्षिक सभेत वाद होईल, पण फारसे चुकणार नाही.

कर सवलतीचे गाजर इथे बहुतेकांपुढे नसते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त, त्यामुळे देणगीवरच्या वजावटीचा शेतकऱ्याला उपयोग नाही. व्यापाऱ्याला आहे, पण ती सवलत वस्तुरूप दानाला मिळत नाही आणि दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तरीही मिळत नाही. म्हणजे पोतेभर तांदूळ, तेलाचा डबा, पहाटेचे श्रम यांतले काहीच विवरणपत्रात दाखवता येत नाही. वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळांना मात्र कायदा लागू आहे: नोंदणीकृत न्यास नसेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून कलम ४१क खाली तात्पुरती परवानगी घ्यावी लागते आणि नंतर हिशेब द्यावा लागतो. काही मंडळी हे टाळतात आणि मग तीन-चार वर्षांनी जमाखर्चावरून भावकीत तोंडे फिरतात.

बिघाड इतरही आहेत. गेल्या काही वर्षांत फ्लेक्स आले आहेत. पाच पेट्या पाण्याच्या बाटल्यांवर दहा फुटी फोटो, त्यात हात जोडलेले साहेब, खाली लहान अक्षरांत वारकऱ्यांचे स्वागत. मोठ्या रस्त्यालगत एकाच किलोमीटरमध्ये केळी, बिस्किटे, राजगिऱ्याचे लाडू, चहा यांची इतकी गर्दी होते की वारकरी पिशवी भरून पुढे जातो आणि अर्धे वाटेत टाकतो. आडबाजूला मुक्कामी असलेल्या छोट्या दिंडीला मात्र रात्री भात शिजवावा लागतो. पाटस, बारामती, इंदापूर मार्गे जाणारा पालखी मार्ग ९६५जी क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणून रुंद झाल्यापासून वाटणाऱ्यांच्या गाड्या थेट दिंडीला येऊन भिडतात, आणि कचऱ्याचे ढीग दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या गळ्यात. काही गावांनी यावर तोडगा काढला आहे: वाटप कुणी, कुठे, किती वाजता करायचे हे बैठकीतच ठरते, कागदी द्रोण आणि स्टीलचे पेले वापरायचे, आणि सफाईची पाळी ज्याने वाटले त्याचीच. फोटोसाठी येणाऱ्यांची संख्या त्याने आपोआप घटते.

कर्ज काढून पंगत घालणाराही असतो. लेकीचे लग्न तोंडावर, विहिरीचा हप्ता थकलेला, आणि बापाच्या वेळची पंगत मोडायची नाही म्हणून सोसायटीतून किंवा खासगी सावकाराकडून उचल. अशा घरात त्या दिवशी आनंद असतो आणि पुढे वर्षभर कटकट. जाणती दिंडी हे ओळखते. दिंडीचालक स्वतःच सुचवतो की यंदा चहा घाला, पंगत भावकीत वाटून घ्या. काही पंगती आज चार घरांत मिळून चालतात, त्या अशाच. नाव एकाचेच राहते, भार चौघांवर जातो.

२०२० आणि २०२१ मध्ये महासाथीमुळे पायी वारी झाली नाही आणि पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या. पंगतीचा खर्च त्या दोन वर्षी वाचला. पैसा हातात राहिला, पण वाटेवरच्या गावांत ते दिवस सुने गेले, असेच सगळीकडे ऐकू येते. काहींनी ठरलेला शिधा ऊसतोड आणि वीटभट्टीच्या मजुरांच्या पालांवर पोचवला. तिथे ‘माउली’ म्हणणारे कुणी नव्हते आणि पाया पडण्याचा प्रश्नच नव्हता. देणाऱ्याला अवघडल्यासारखे झाले. वारीत शिकलेले दान वारीबाहेर नेणे किती कठीण आहे ते त्या वेळी दिसले. त्यातल्या काही मंडळांनी पुढेही पालांवरच्या मुलांसाठी वह्या-दप्तरे देणे चालू ठेवले, काहींचे ते तेवढ्यावर थांबले.

सराटीच्या मुक्कामानंतर पादुकांना नीरेत स्नान घातले जाते आणि पालखी अकलूजच्या दिशेने सोलापूर जिल्ह्यात जाते. मागे राहिलेल्या गावांत मग हिशेबाची बैठक होते. कढया, पराती, पातेली मोजून देवळाच्या खोलीत ठेवली जातात. फुटलेली पळी आणि हरवलेला जग कुणाच्या नावे घालायचा यावर थोडी बोलाचाली होते. उरलेले धान्य आश्रमशाळेला किंवा गावच्या सप्ताहाला जाते. शिल्लक रक्कम वाचून दाखवतात, वहीवर दोघांच्या सह्या होतात, आणि पुढच्या वर्षी भाकरी थापायला कोणत्या आळीने किती घ्यायच्या हे तिथेच बोलून ठेवतात, कारण नंतर प्रत्येक जण आपल्या पेरणीला लागतो.